वराहपालन : पिल्लांना ताप भरलाय, आधी काय बघायचं?

माणदेशी | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यात माझं छोटं शेड आहे. सहा माद्या, एक नर, सगळे यॉर्कशायर जातीच्या रक्ताचे. एका मादीची ११ पिल्लं पंचेचाळिसाव्या दिवशी दूध तोडून वेगळी केली. दहा दिवसांपूर्वी बाजारातून आणखी ४ आणली आणि जागा कमी म्हणून त्यांच्यातच सोडली. सगळी आता दोन महिन्यांच्या आसपास, दहा-बारा किलोची.

काल संध्याकाळी भरडा टाकला तेव्हा बारा धावत आली, तीन आली नाहीत. कोपऱ्यात पोत्यावर एकमेकांच्या अंगावर चढून पडलेली. हात लावला तर चटका बसावा असं अंग. कानांची टोकं लाल. एकाला उठवलं तर मागच्या डाव्या पायावर भार देईना. आज दिवसभर तिघांनी दाण्याला तोंड लावलं नाही. आणि मघाशी त्यातल्या एकाला झटका आल्यासारखं झालं. आडवं पडून चारही पाय मारत होतं, मान मागे ताठ, डोळे फिरवलेले. दोन मिनिटांनी शांत झालं.

तालुक्यातल्या औषधाच्या दुकानातून तापाचं एक आणि अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन आणून ठेवलंय. अजून टोचलेलं नाही. मागच्या वर्षी असंच अंदाजाने टोचत बसलो आणि नऊपैकी सात पिल्लं गेली. कशाने गेली ते आजपर्यंत कळलेलं नाही, आणि ते मला फार लागून राहिलंय. म्हणून या वेळी आधी विचारतोय. कोणी जाणकार असेल तर कृपया सांगा.

---

गुरांचा_डॉक्टर | मंगळवार, रात्री ९:५८

तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, आता निवृत्त आहे. आधी एक सांगतो, टोचलं नाहीत हे फार चांगलं केलंत. घरात थर्मामीटर आहे का? माणसांचा साधा डिजिटल चालतो, फक्त नंतर तो जनावरांसाठीच ठेवायचा.

हाताला गरम लागणं हे डुकराच्या बाबतीत फसवं असतं. पिल्लू कोपऱ्यात दाबून झोपलं असेल तर कातडी तशीही गरम लागते. त्यामुळे आकडा हवा. पिल्लू मांडीवर घ्या, थर्मामीटरच्या टोकाला थोडं गोडेतेल लावा, शेपटी उचलून गुदद्वारात अलगद फिरवत दीड-दोन इंच आत सरकवा आणि किंचित बाजूला टेकवा, म्हणजे तो लेंडीत न रुतता आतड्याच्या भिंतीला लागेल. मागच्या टोकाला दोरा बांधून तो शेपटीला गाठवा. पिल्लाने हिसडा दिला तर थर्मामीटर आत जात नाही आणि पडून फुटत नाही.

दोन महिन्यांच्या पिल्लाचा नेहमीचा आकडा १०२ ते १०३.५ फॅरेनहाइट. मोठ्या जनावराचा त्याहून जरा कमी. १०४ च्या वर गेला की ताप धरायचा. पण पाठलाग करून पकडलेल्या, किंचाळून दमलेल्या पिल्लाचा पारा तेवढ्यानेच चढतो. म्हणून आत्ता आजारी तिघांचा घ्या, आणि पहाटे सगळी झोपेत असताना पंधराच्या पंधरांचा घ्या. दिसायला ठणठणीत आहेत त्यांचाही. ते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

झटका आलेल्याला आत्ता तोंडाने पाणी पाजू नका, श्वासनलिकेत जाईल. अंधाऱ्या शांत जागी, सुक्या पेंढ्यावर कुशीवर ठेवा. आणि तुमच्या भागातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना आत्ताच फोन करा, सकाळची वाट बघू नका. मेंदूला सूज असेल तर एका रात्रीचा फरक पडतो.

---

रानवारा | मंगळवार, रात्री १०:१५

दादा, एवढा घोळ कशाला? तापाचं डायक्लो आणि अँटिबायोटिक एन्रो एकत्र ठोका, दोन दिवसांत खडखडीत. माझ्या शेळ्यांना मी हेच देतो.

---

गुरांचा_डॉक्टर | मंगळवार, रात्री १०:३१

रानवारा, तुम्ही मदतीच्या भावनेने लिहिलंय हे कळतं, पण हे खोडलंच पाहिजे. डायक्लो म्हणजे डायक्लोफिनॅक, ते जनावरांना द्यायला आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे. ज्या जनावराला ते टोचलं ते मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. आपल्याकडची गिधाडं त्यानेच संपत आली. पुढे २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकवरही बंदी आली. तापावरचं मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, डुकरालाही चालतं, मात्रा किलोमागे ०.४ मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या पिल्लाला फक्त ४ मिलिग्रॅम. लोक इथे अंदाजाने तिप्पट भरतात.

दुसरं, ताप उतरवणं म्हणजे आजार बरा करणं नव्हे. आज रात्री तापाचं औषध दिलंत आणि उद्या डॉक्टर आले तर पारा १०३ दाखवेल आणि खरं चित्र झाकलं जाईल. द्यायचीच वेळ आली तर किती वाजता, काय, किती दिलं ते कागदावर लिहून ठेवा.

---

माणदेशी | बुधवार, सकाळी ६:२०

डॉक्टरसाहेब, रात्री तिघांचा घेतला: १०५.९, १०६.४, १०५.२. झटका आलेला तो १०६.४ वाला. आमच्याकडचे डॉक्टर रात्री दुसऱ्या गावात होते, सकाळी आठपर्यंत येतो म्हणालेत.

पहाटे साडेचारला मी आणि मंडळी, म्हणजे बायको, बॅटरी घेऊन शेडात शिरलो. सगळी पंधरा मोजली, प्रत्येकाच्या पाठीवर खडूने आकडा टाकला. दहांचा १०२.४ ते १०३.२ च्या मध्ये. पण दोन अशी निघाली की काल संध्याकाळी ढोसून खात होती आणि आता १०४.३ आणि १०४.८ आहेत. त्यातलं एक बाजारातून आणलेलं. ती पकडायलाही सोपी नव्हती, इतकी तरतरीत. मोजलं नसतं तर मला आणखी दोन दिवस कळलं नसतं.

झटका आलेलं पिल्लू पाच वाजता गेलं.

---

आंब्याची_सावली | बुधवार, सकाळी ६:५५

फार वाईट वाटलं वाचून. धीर धरा दादा.

आमचं वेंगुर्ल्याजवळ घरचंच थोडं आहे, गोव्याकडच्या काळ्या गावठी जातीच्या माद्या आणि एक संकरित. एक विचारायचं होतं. आमच्याकडे पावसाळ्यात झालेली पिल्लं थरथरतात, सासूबाई म्हणतात ताप आलाय, हुडहुडी भरलीय. पण मागे मी मोजलं तेव्हा ९७ आलं. थर्मामीटर बिघडला असं समजून टाकून दिला. तो बरोबर होता का?

---

गुरांचा_डॉक्टर | बुधवार, सकाळी ७:१०

माणदेशी, आधी तुम्हाला. मेलेलं पिल्लू उघडू नका, कुत्र्याला देऊ नका, ओढ्यात टाकू नका. पोत्यात बांधून सावलीत ठेवा, डॉक्टरांना दाखवा. ताप असलेली चारही वेगळी करा. आजाऱ्यांचं शेवटी बघायचं, आधी निरोग्यांचं. बादली, खराटा, चपला वेगळ्या. आणि हातावर कुठे जखम, ओरखडा असेल तर हातमोजे घातल्याशिवाय पिल्लांना शिवू नका. वहिनींनाही सांगा. याचं कारण मागाहून लिहितो, पण हे आत्ता करा.

ताई, तुमचा थर्मामीटर बरोबर होता. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या अंगात ऊब धरून ठेवणारी चरबी जवळजवळ नसते, केसही विरळ. जन्मल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच पारा तीन-चार अंशांनी घसरतो आणि दूध पोटात गेलं की हळूहळू वर येतो. पहिल्या आठवड्यात त्यांच्या झोपायच्या जागी ३२ ते ३४ सेल्सियस ऊब लागते. मादीला मात्र तेवढ्याने धाप लागते, म्हणून शेड तापवायचं नाही, पिल्लांचा कोपरा तापवायचा. दिवा लावून, खाली सुकं पोतं किंवा भाताचा पेंढा घालून. थरथरणाऱ्या पिल्लाला तापाचं औषध दिलं तर ते मरेल, कारण त्याला ताप नसतो, गारठा असतो. गार पडलेल्या पिल्लाला कोमट पाण्यात मानेपर्यंत धरून, कोरडं पुसून, मग आईच्या सडाला लावायचं. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे.

अशा वेळी मादीचाही ताप बघा. व्याल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मादी १०४ च्या वर असेल, पालथी पडून सड लपवत असेल, कास दगडासारखी असेल तर दूध आटलेलं असतं. पिल्लं उपाशी राहून गारठतात आणि आपण पिल्लांनाच औषधं देत बसतो. उपचार मादीला हवा असतो.

---

आंब्याची_सावली | बुधवार, सकाळी ७:३०

हे कुणी आधी सांगितलं असतं तर गेल्या श्रावणातली पाच वाचली असती. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, आजच कोपऱ्यात दिवा बांध.

---

ब्रह्मपुत्रेकाठी | बुधवार, सकाळी ९:०५

मी मूळचा वाईचा, नोकरीमुळे बरीच वर्षं आसामात आहे. माणदेशीभाऊ, तुम्हाला घाबरवायचं नाही, पण लाल कान आणि १०६ वाचून छातीत धस्स झालं.

२०२० च्या सुरुवातीला अरुणाचल आणि वरच्या आसामात डुकरं मरायला लागली. मे महिन्यात नक्की झालं की हा आफ्रिकन स्वाइन फीवर आहे, भारतात पहिल्यांदाच. तेव्हा टाळेबंदी होती. नदीतून फुगलेली डुकरं वाहत येताना लोकांनी पाहिली. काझीरंगाच्या आगोरातोली भागात रानडुकरं गावाकडे फिरकू नयेत म्हणून चर खणला. आमच्या शेजारच्या मिशिंग जमातीच्या वस्तीत डुक्कर म्हणजे लग्न, सण, पोरांची फी, दवाखाना, सगळं. एका पंधरवड्यात तिथली शेडं रिकामी झाली.

मी तिथल्या लोकांशी पुष्कळ बोललो. सगळे एकच सांगत: पहिले दोन-तीन दिवस नुसता ताप होता. डाग नाहीत, जुलाब नाहीत, काही नाही. आणि नेमक्या त्याच दोन-तीन दिवसांत लोकांनी जनावरं विकली, नातेवाइकांना मटण पाठवलं. पुढच्या वर्षी तो मिझोराममध्ये होता आणि २०२२ मध्ये केरळात वायनाडला. त्या रोगावर आपल्याकडे द्यायला लस नाही, औषध तर नाहीच. माणसाला तो होत नाही, पण माणसाच्या चपलेवरून, गाडीवरून, शिळ्या मटणातून तो डुकरापर्यंत पोचतो.

डॉक्टरांना नमुने घ्यायला सांगा. कृपा करून एकही पिल्लू दाराबाहेर जाऊ देऊ नका.

---

परळचा_विद्यार्थी | बुधवार, सकाळी १०:४०

मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. वरच्या प्रतिसादाला जोडून लिहितो, डॉक्टरसाहेबांनी चूक असेल तर सुधारावं.

पिल्लांत १०५ च्या वर ताप असेल तर डोक्यात दोन गट ठेवावेत. एक, जे नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत आणि ज्यांचा नमुनाच पाठवावा लागतो: आफ्रिकन स्वाइन फीवर आणि आपला जुना स्वाइन फीवर. दोन्हींत ताप १०५ ते १०७, पिल्लं ढिगाने दाटून बसतात, डोळ्यांना चिपडं, चालताना मागचा भाग झोकांड्या खातो, कान आणि पोट जांभळं होतं. जुन्यात बहुधा आधी बद्धकोष्ठ, मग पिवळे जुलाब. आफ्रिकनमध्ये लहानमोठी सगळीच मरतात, जुन्यात पिल्लांवर घाला जास्त.

दुसरा गट जिवाणूंचा, ज्यावर वेळेत औषध मिळालं तर पिल्लू वाचतं. स्ट्रेप्टोकॉकसमुळे मेंदूला सूज येते, सांधे सुजतात. अंगावर चौकोनी, पत्त्यातल्या चौकटसारखे उठावदार चट्टे असतील तर एरिसिपेलास. पोट आत ओढत भात्यासारखा श्वास घेत असतील तर फुप्फुस. याखेरीज लाळ्या-खुरकूत विसरू नये. नाकाडावर आणि खुरांच्या फटीत फोड बघावेत. त्यात तान्ही पिल्लं फोड यायच्या आधीच हृदय बंद पडून मरतात.

तुमच्या वर्णनात पाय मारणं आणि एका पायाने लंगडणं आहे, त्यामुळे मला दुसरा गट वाटतो. पण वाटण्याला अर्थ नाही, नमुना जायलाच हवा.

जुन्या स्वाइन फीवरची लस टोचली होती का?

---

लातूरकर_२ | बुधवार, दुपारी १:१५

आमच्याकडे मागच्या एप्रिलमध्ये दुपारी मोजलं तर बाराच्या बारा पिल्लं १०५ च्या वर! सगळीकडे फोन केले. संध्याकाळी आपोआप १०३. पत्र्याचं शेड होतं, दुसरं काही नव्हतं.

---

गुरांचा_डॉक्टर | बुधवार, दुपारी २:०५

लातूरकर, चांगला मुद्दा काढलात. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, चिखल आणि धाप हेच त्याचं पंखा-कूलर. उन्हाने पारा चढलेली पिल्लं एकमेकांपासून लांब, पाय पसरून, ओल्या जागी पडतात, तोंड उघडून धापा टाकतात, आणि शेडातली सगळीच तशी असतात. तापाने पारा चढलेली पिल्लं उलट गोळा होतात, सुक्यात घुसतात, केस उभे करून थरथरतात, आणि दोन-तीनच असतात. बारा वाजता उन्हात दाटीने पडलेलं पिल्लू दिसलं तर समजा की त्याला आतून थंडी वाजतेय.

उपायही उलटे आहेत. उन्हाच्या पिल्लाला सावली, वारा, पायांवर आणि जमिनीवर पाणी, एकदम बर्फाचं नाही. तापाच्या पिल्लावर पाणी ओतायचं नाही. त्याला सुकं अंथरूण आणि प्यायला स्वच्छ पाणी. ताप असलेलं पिल्लू खाल्ल्यावाचून दोन दिवस काढेल, पाण्यावाचून नाही. नळीपर्यंत चालवत नसेल तर उथळ परात तोंडापाशी ठेवा. साखर-मिठाचं पाणी, पण घरच्या मापाने, चिमूटभरच मीठ.

---

हडपसरचा_बाळू | बुधवार, दुपारी ३:३०

मिठावरून आठवलं म्हणून लिहितो. आमच्याकडे हॉटेलांचं उरलेलं येतं. दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या नळीच्या निपलमध्ये (तोंडात धरून प्यायच्या तोटीत) गाळ अडकला, दीड-दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पिल्लं कुत्र्यासारखी बसायला लागली, नाक वर करून मागे मागे सरकायची आणि झटका येऊन पडायची. आम्ही मेंदूज्वर समजून तीन दिवस सुया टोचल्या. डॉक्टर आले, पारा बघितला तर १०२. ताप नव्हताच. खरकट्यातलं मीठ आणि तहान. वर आम्ही घाबरून निपल साफ करून पोटभर पाणी सोडलं होतं, त्यानेच जास्त मेली. डॉक्टर म्हणाले, अशा वेळी पाणी थोडं थोडं, घटकाघटकाने द्यायचं असतं.

तेव्हापासून झटका दिसला की आधी थर्मामीटर आणि पाण्याची नळी, मग बाकीचं.

---

गुरांचा_डॉक्टर | बुधवार, दुपारी ३:५०

बाळूभाऊ, हा अनुभव सोन्यासारखा आहे. फक्त एक जोडा: ते खरकटं उकळी फुटल्यावर किमान अर्धा तास उकळत ठेवल्याशिवाय घालू नका, आणि त्यात डुकराच्या मांसाचा तुकडाही नको. स्वाइन फीवरचे दोन्ही विषाणू तिथूनच घरात येतात.

---

माणदेशी | बुधवार, रात्री ८:३०

आज दिवसभर फोन हातात घ्यायला सवड नव्हती. सगळ्यांचे आभार, आता सविस्तर लिहितो.

आठला डॉक्टर आणि पर्यवेक्षक आले. डॉक्टरांनी खडूचे आकडे बघितले आणि म्हणाले, निम्मं काम झालेलं आहे. चारही तापवाल्यांचं रक्त घेतलं. लंगड्या पिल्लाचा घोटा लिंबाएवढा सुजलाय, त्यात बारीक सुई घालून पाणी ओढलं. स्वच्छ यायला हवं होतं, ते गढूळ पिवळट आलं. नमुने बर्फात घालून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात गेले, गरज पडली तर तिथून भोपाळच्या उच्चसुरक्षा प्रयोगशाळेत जातील असं सांगितलं. मेलेलं पिल्लू उघडलं नाही. विहिरीपासून लांब सहा फूट खड्डा, खाली-वर चुना. शेडाच्या दारात कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवलेलं पोतं टाकलंय.

निकाल येईपर्यंत थांबायचं नाही म्हणून चौघांना पेनिसिलिन आणि मेलोक्सिकॅम सुरू केलं. इंजेक्शन कानामागे मानेत द्यायचं, मांडीत नाही, हे त्यांनी हात धरून दाखवलं. पाच दिवस पूर्ण करायचं, मध्ये बरं वाटलं तरी.

लस नव्हती टोचलेली. आईलाही नाही. ही माझी चूक.

आणि एक. दुपारी नेहमीचा व्यापारी आला. कुठून तरी कळलं असणार. म्हणाला, आजारी-चांगली सगळी निम्म्या भावात देऊन टाक, उद्या तेही मिळणार नाहीत. मागच्या वर्षी मी शेवटची दोन अशीच दिली होती. कुठे गेली, कुणाच्या शेडात गेली, मी विचारलं नव्हतं. ब्रह्मपुत्रेकाठीभाऊंचा प्रतिसाद सकाळीच मंडळींनी मला वाचून दाखवला होता. नाही म्हणून सांगितलं. तो गेल्यावर तास-दीड तास जीव थाऱ्यावर नव्हता, कारण बँकेचा हप्ता पंधरा तारखेला आहे. पण नाही म्हटलं ते म्हटलं.

---

ब्रह्मपुत्रेकाठी | बुधवार, रात्री ९:००

भाऊ, डोळ्यांत पाणी आलं. काहीही झालं तरी आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.

---

गुरांचा_डॉक्टर | बुधवार, रात्री ९:२५

माणदेशी, कायद्यानेही ते बरोबर आहे. २००९ चा जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा कायदा आहे, त्यात संशय आला की मालकाने गावात कळवायचं आणि जनावर हलवायचं नाही. आफ्रिकन स्वाइन फीवर निघाला तर एक किलोमीटरच्या आतली डुकरं मारावी लागतात, त्याची भरपाई सरकार देतं. लपवलेल्याची नाही. शिवाय औषध दिलेलं जनावर ठरावीक दिवस कापायचं नसतं, ते दिवस डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता सकाळी राहिलेलं. हातमोजे का? स्ट्रेप्टोकॉकसचा जो प्रकार डुकरांत मेंदूज्वर करतो, तोच जखमेतून माणसातही शिरतो. माणसाला मेंदूज्वर होतो, आणि वाचलेल्या पुष्कळांचे कान कायमचे जातात. तुम्हाला किंवा वहिनींना येत्या पंधरवड्यात ताप, मान आखडणं, कमी ऐकू येणं असं काही झालं तर दवाखान्यात पहिलं वाक्य हे सांगा की आम्ही डुकरं पाळतो आणि पिल्लं आजारी होती. तिथल्या डॉक्टरांना ते आपणहून सुचणार नाही.

---

माणदेशी | बुधवार, रात्री ९:४०

मंडळींच्या बोटाला विळीचा काप आहे. सकाळी तुमचं वाचल्यावर पट्टी बांधून मोजे घातले, पण मंगळवारी रात्री पिल्लू मांडीवर तिनेच धरलं होतं. उद्या ग्रामीण रुग्णालयात नेऊन आणतो.

---

परळचा_विद्यार्थी | शनिवार, सकाळी ११:००

लसीबद्दल कुणीतरी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून इथेच लिहितो. जुन्या स्वाइन फीवरवर आपल्याकडे लस आहे आणि ती चांगली आहे. पूर्वीची लस सशांवर तयार व्हायची, एका सशातून जेमतेम पन्नासेक मात्रा, म्हणून कायम तुटवडा. इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्थेने पेशींवर वाढवलेली लस काढली, ती २०२० पासून आली. ससे मारावे लागत नाहीत आणि मात्रा मुबलक. साधारण दोन महिन्यांच्या पुढे देतात. फार लवकर दिली तर आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्तीच लसीला मारते. आणि ताप असलेल्या पिल्लाला लस द्यायची नाही, म्हणून लसीच्या दिवशीही थर्मामीटर हवाच. बाटली बर्फातून आणायची. खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

---

रानवारा | शनिवार, दुपारी १२:२०

डॉक्टरसाहेब, घरातली डायक्लोची बाटली दवाखान्यात नेऊन दिली. शेळ्यांना काय चालतं ते लिहून आणलंय. धन्यवाद.

---

माणदेशी | पुढच्या गुरुवारी, रात्री ८:१०

निकाल आला. दोन्ही स्वाइन फीवर नाहीत. घोट्यातल्या पाण्यात स्ट्रेप्टोकॉकस वाढला. डॉक्टर म्हणाले, निरोगी दिसणाऱ्या डुकरांच्या घशातही हा असतो. दूध तुटणं, नवी पिल्लं, मारामाऱ्या, दाटी, हे एकाच आठवड्यात झालं की उसळतो. म्हणजे मी बाजारातली चार त्याच दिवशी त्यांच्यात सोडली तिथेच ठिणगी पडली. आता नवं जनावर आलं तर तीस दिवस वेगळं, बांधाच्या पलीकडच्या जुन्या खोलीत.

चारपैकी तीन बरी झाली. १०४.३ आणि १०४.८ वाली तर तिसऱ्या दिवशीच दाण्यावर होती. त्यांना झटका आलाच नाही, लंगडलीही नाहीत. उशिरा कळलेलं १०५.२ वालं सहा दिवस घेऊन उठलं. लंगडं अजून रेंगाळतंय, १०३.९ ते १०४.२ च्या मध्ये. डॉक्टरांनी औषध आणखी पाच दिवस वाढवलंय. घोट्याची सूज निम्मी झालीय. मंडळींचा रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ आहे.

विचारायचं होतं, त्या लंगड्याला कळपात कधी सोडू? बाकीची त्याला ढुशा मारतात.

---

गुरांचा_डॉक्टर | गुरुवार, रात्री ८:४५

लागोपाठ तीन पहाटे पारा १०३.५ च्या खाली, तोही औषध थांबल्यावर. तोपर्यंत नाही. एकटं असेल तर झुरतं, म्हणून बऱ्या झालेल्यांपैकी एक शांत पिल्लू सोबतीला ठेवा. सोडताना रात्री सोडा, सगळ्यांच्या अंगाला एकाच पेंढ्याचा वास लागू द्या, मारामारी कमी होते.

---

माणदेशी | त्यानंतरच्या बुधवारी, सकाळी ६:०५

काल आणि परवा १०३.१, १०३. आज पहाटे १०२.६. पळतंय अजून तिरकंच, पण दाण्याला पहिलं येतं. थर्मामीटरचा दोरा शेपटीला तसाच राहून गेला होता, तो आत्ता सोडवला. राहिलेल्या पिल्लांच्या लसीसाठी डॉक्टरांनी सोमवार दिलाय.